दोन वर, दोन खाली

कापड नागपूरहून आलं,
पुठ्ठ्याच्या नळीत, कंडक्टरच्या सीटखाली.
अर्धा मीटर. त्यात आयटीआयचा
तीन महिन्यांचा स्टायपेंड गेला.

बाबांनी ते नळीतून काढून उन्हात धरलं.
काळं, आणि तिरपं केलं की रंग पालटणारं,
धामणीच्या पाठीसारखं.
अंगठ्याच्या नखानं एक धागा उचलून म्हणाले,
"दोन वर, दोन खाली, दर ओळीत एक सरकून.
हे तं आपली धानाची पाटी हाये, पोरी."
मग रेझिनचा डबा पाहिला.
"विणलं हाये, तं चिटकवतेस कायले?"

उत्तर मला पाठ होतं, पुस्तकातलं.
त्यांच्या बोलीत आणेपर्यंत
ते कामट्या सोलायला बसलेही होते.

डब्यावर लिहिलेलं: पंचवीस मिनिटं वापरा.
कोणत्या गावची पंचवीस, देव जाणे.
नागभीडकडच्या मे महिन्यात, भर दुपारी
कप सातव्या मिनिटाला हातात पोळला,
धूर निघाला,
ब्रश आतच उभा राहिला.
अजून उभा आहे, खिडकीत.

म्हणून पहाटे चार.
तेंदूपत्त्याला निघालेल्या बाया
दारातून डोकावून जायच्या:
काय करते बुरडाची पोर, काच पुसते, मेण लावते,
पुन्हा पुसते, पुन्हा लावते.
एक थर सरळ, एक तिरपा, असे चार.
वर फाटक्या छत्रीचं कापड,
त्यावर गादीतला कापूस,
सगळ्याला नव्या कूलरची प्लास्टिकची पिशवी,
आणि हवा ओढायला
डोमाजी मिस्त्रीकडचा मेलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर,
उलटा जोडलेला, सलाईनच्या नळीनं.

पिशवी आक्रसत गेली,
विणीचा डोळा न् डोळा दिसू लागला,
आणि लाईट गेली.

पत्रूनं नळी दुमडून मुठीत दाबली.
दीड तास. एकदा फक्त म्हणाला, नाक खाजव.
लाईट आली तेव्हा त्याची बोटं
एकेक करून मी उघडली.

काचेवरून सुटताना एवढासा आवाज झाला,
वाळली पत्रावळ दुमडावी तेवढा.
खालची बाजू तळ्यागत गुळगुळीत.
एका कोपऱ्यात फुगा, रुपयाएवढा:
त्या दीड तासातलाच कुठला तरी श्वास.
तुटेल तर इथूनच, मी पत्रूला सांगितलं.

घमेल्यात पाण्याखाली धरून कापली.
पाणी शाई झालं.
सोनाराच्या काट्यावर एक्क्याऐंशी ग्रॅम.
सोनार म्हणाला, "मोडीत घेत नाही हं हे."

मामा तलाव आटलेला. भेगांची जमीन
हवी तेवढी. पत्रूनं रिमोट दिला.
गाडी सुटली ती आवाजाच्या पुढे,
भेगांवरून उड्या, वळणावर धुळीचा पंखा,
एक रेडकू उगाच मागे धावलं.
चौथ्या फेरीत ती उलटली,
तीनदा, आणि चाकांवरच येऊन थांबली.
फुगा जसाच्या तसा.
तुटली होती ती पुढच्या बोल्टपाशी,
जिथं सगळं नीट केलं होतं
आणि भोक मात्र घाईनं पाडलं होतं.

उरलेल्या चिंधीतून बाबांनी एक धागा ओढला होता.
दोन्ही हातांनी ताणला, तुटेना.
मग गाठ मारली. कडकन दोन तुकडे.
"ताण सोसते, गाठ नाही सोसत," म्हणाले,
कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

रात्री बोटात काहीतरी सलत होतं.
काळी फास, काळ्या झालेल्या कातडीत,
बॅटरी धरूनही दिसेना.
बाबांनी बॅटरी विझवायला लावली.
माझं बोट स्वतःच्या अंगठ्याखाली घेतलं,
चाळीस वर्षं बांबूच्या फासा काढलेल्या अंगठ्याखाली,
डोळे मिटले,
आणि अंधारात हळूहळू
माझ्या हातावर वाचत गेले.

"हालू नको. हे पाय. इथं हाये."